शेजारणीनं बोलायचं

एका वेळी दोन माणसं बोलायला लागली की माझं डोकं उठतं. हा माझा जुना रोग आहे. घरात, वर्गात, लग्नाच्या मांडवात, कुठंही. आता निवृत्त झाल्यावर सून म्हणते, "आई, टीव्हीवरच्या चर्चा तुम्ही लावूच नका," आणि ती बरोबरच म्हणते. पण या खोडीपायी मी एकदा एक नियम काढला होता आणि त्या नियमानं एका बाईचं घर गेलं. हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं.

तेव्हा आम्ही बरकतपुऱ्यात राहत होतो. मी पुण्याची, लग्न करून हैदराबादला आलेली, आणि एका मराठी शाळेत शिकवत होते. शाळेत घंटा द्यायला, वर्ग झाडायला, रजिस्टरं इकडून तिकडं न्यायला एक बाई होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणायचे, मुख्याध्यापिकासुद्धा. मूळच्या नांदेडकडच्या, बौद्ध. नवऱ्याबरोबर कामाला म्हणून आल्या, तो बांधकामावर पडून गेला, आणि मावशी इथंच राहिल्या. एकच मुलगी. ती माझ्याच वर्गात, नववीत, पहिल्या बाकावर. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

मावशी अंबरपेठेत नदीकडच्या एका वस्तीत राहायच्या. एका आठवड्यात त्या तीनदा उशिरा आल्या आणि शाळा घंटेविना भरली. मी चिडून विचारलं, तर म्हणाल्या, "नळाला पाणीच येईना बाई. आलं तर भांडणं. बगायला या एक दिवस." मीही हट्टी. गेले बघायला.

एक नळ, आणि त्याच्यापुढं घागरींची रांग. रांगेत तीन भाषांत भांडण चाललेलं. त्या वस्तीत मावशींसारखी मराठवाड्याची घरं होती, तेलुगू घरं होती, आणि दखनी बोलणारी मुसलमान घरं होती. मावशींच्या भिंतीला भिंत लावून दखनी बोलणाऱ्या आपांचं घर. आपा हिमायतनगरच्या दुकानांतून साड्या आणून त्यांना फॉल लावायच्या. तोंडात सुई धरूनही त्या बोलू शकत. पलीकडं भाजी विकणारी तेलुगू अक्का. नळाबद्दल अर्ज करायचा म्हणून मी सगळ्यांना रविवारी आपांच्या दारापुढं बसवलं, तर तिथंही तेच. प्रत्येकीला आपलंच सांगायचं. एकीचं छप्पर, एकीची गटार, एकीची सासू. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. पंधरा मिनिटांत माझं डोकं उठलं आणि मी वर्गात ओरडते तशी ओरडले.

"बास! कुणीही आपलं सांगायचं नाही. आपल्या शेजारणीचं सांगायचं. तिचं माहीत नसेल तर तिच्या घरी जा, बघून या, मग बोला."

रागाच्या भरात काढलेला नियम होता तो. त्यात काही तत्त्वबित्त्व नव्हतं. पण पुढच्या रविवारी काय झालं, तर आपा उभ्या राहिल्या आणि त्यांनी अक्काच्या छपराचं वर्णन केलं. "इनके छत में से चाँद दिखता, तारे दिखते. इनो बिस्तर किधर डालना, बोलो!" सगळ्या हसल्या, आणि सगळ्यांत जास्त अक्का. मग अक्कानं ते तेलुगूत सांगितलं, मावशींनी मराठीत. आमच्या सभेत प्रत्येक वाक्य तीनदा बोललं जायचं आणि हशा तीन हप्त्यांत यायचा. सभा लांबायच्या, पण मला चालायचं, कारण एका वेळी एकच बोलायचं.

नियमाचा फायदाही झाला. पाण्याच्या ऑफिसात गेलो तेव्हा मुसलमान घरांचं गाऱ्हाणं अक्कानं मांडलं, आणि तेलुगू घरांचं आपांनी. तिथले साहेब चक्रावलेच. त्यांना वाटलं असेल की या बाया आपसांत भांडत येतील आणि त्यांना परस्पर वाटेला लावता येईल. इथं तर प्रत्येकीला दुसरीच्या घागरी पाठ. दोन महिन्यांत आणखी दोन नळ आले. त्या दिवसापासून माझा नियम वस्तीत देवाच्या वचनासारखा झाला. कुणी चुकून आपलं बोलायला लागली की बाकीच्या ओरडायच्या, "आपलं न्हाई, आपलं न्हाई!" मला हे ऐकून फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मी फुगले होते.

नवं आर्थिक धोरण आलं त्याला वर्षही झालं नव्हतं. आमच्या घरी सकाळी पेपर आला की नवरा मोठ्यानं वाचून दाखवायचा. बाहेरच्या कंपन्या येणार, मोटारी येणार, फोन दोन दिवसांत मिळणार. "देश उघडतोय," असं तो चहाचा कप हातात धरून म्हणायचा, जसं काही दार त्यानंच उघडलं होतं. मलाही ते वाचायला आवडायचं. मोटारी येणार म्हणजे रस्ते लागणार, आणि रस्ते कुठून तरी जाणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. नदीकाठचा रस्ता रुंद होणार आणि मावशींची वस्ती त्यात जाणार, हे मला शाळेच्या व्हरांड्यात मावशींनीच सांगितलं.

घाबरलेल्या होत्या, पण त्यांच्या आवाजात थोडी आशाही होती. ज्यांची घरं मोजणीत येतील त्यांना शहराबाहेर जागा मिळणार होती, कागदासकट. कागद हा शब्द त्या फार हळू उच्चारायच्या. "माझ्या नावाचा कागद, बाई. लेकीला दाखवायला." मुलगी दहावीला जाणार होती. तिला शाळा सोडावी लागू नये एवढंच मावशींचं मागणं होतं. जागा लांब असली तरी कागद आला की इकडं एखादी खोली भाड्यानं घेता येईल, जागेवर गावाकडचा दीर येऊन राहील आणि त्याच्याकडून थोडं येत जाईल, असा सगळा हिशेब त्यांनी मनात करून ठेवला होता.

मोजणीवाले आले आणि त्यांनी प्रत्येक दाराशेजारी भिंतीवर लाल रंगानं आकडा काढला. ओबडधोबड, ओघळ आलेला. पुसू नका, असं ते तेलुगूत सांगून गेले, आणि ते सगळ्यांना कळलंही. पण त्या वर्षी उगादी आणि रमझान ईद लागोपाठच्या दिवशी आल्या आणि त्यांच्यामागून लगेच मावशींच्या लोकांची चौदा एप्रिलची जयंती. म्हणजे वस्तीतल्या प्रत्येक घराला त्याच पंधरवड्यात चुना लागणार होता. आमच्याकडे दिवाळीला जी लगबग असते ती तिथं तीन धर्मांची एकदम. बायकांनी मिळून चुना आणला, एकाच पिंपात कालवला, आणि एकीनं दुसरीची भिंत रंगवली. तिथंही तोच नियम. मावशींची भिंत आपांनी पांढरी केली, आपांची मावशींनी. शेजारणीच्या भिंतीवर, सणासुदीला, जनावराला डाग द्यावा तसला लाल आकडा ठेवायचा कसा? स्वतःची असती तर कदाचित ठेवला असता. शेजारणीची म्हणून दोन हात जास्त मारले.

मी ईदच्या दिवशी शिरखुर्मा खायला गेले तेव्हा सगळी गल्ली झकास पांढरी दिसत होती. मी म्हणाले, "किती छान दिसतंय!" शिकलेली बाई मी. आकडे कुठं गेले, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

पडताळणीवाले आले तेव्हा त्यांच्या यादीत आकडे होते आणि भिंतीवर नव्हते. ज्यांच्याकडे त्या पत्त्याचं रेशनकार्ड होतं त्यांच्यापुढं खूण झाली. बाकीच्यांना ऑफिसात सुनावणीला बोलावलं. आपांचं कार्ड सासरच्या मोहल्ल्यातलं होतं, मावशींचं गावाकडं दिराच्या घरात. दोघींनाही चिठ्ठी आली. एकच दिवस, एकच वेळ.

मी तयारीला लागले. हे मला जमतं असं मला वाटायचं. मुख्याध्यापिकांकडून मावशींचा दाखला घेतला की या इतकी वर्षं याच पत्त्यावर राहतात. मतदानाची चिठ्ठी शोधली, मुलीच्या शाळाप्रवेशाचा कागद काढला. सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर सुतळीची गाठ मारून मावशींच्या हातात दिलं. आणि दोन रविवार सराव घेतला. कसा? तर जसा नेहमी घ्यायचे तसाच. आपा उभ्या राहून मावशींचं सांगायच्या, मावशी आपांचं. आपांनी घर कधी बांधलं, पत्रे कुठून आणले, नवरा कधी सोडून गेला, सगळं मावशींना तोंडपाठ झालं. माझ्या डोळ्यांपुढं पाण्याचं ऑफिस होतं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहतील, एकमेकींचं बोलतील, आणि साहेब चक्रावेल. आत एकेकीलाच सोडतील, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही.

सुनावणीच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेले. दाराला अर्धे हलणारे दरवाजे होते, मधोमध, वर आणि खाली मोकळे. शिपायानं मावशींचं नाव पुकारलं. आम्ही तिघी उठलो. त्यानं हात आडवा घातला.

"एकेक. ज्यांचं नाव त्यांनीच."

मी म्हटलं, मी शाळेची टीचर आहे, यांच्याबरोबर आहे. तो म्हणाला, टीचर तर टीचर, बसा. आपांनी आवाज चढवला, त्यानं आवाज चढवला, आणि तेवढ्यात मावशी आत गेल्यासुद्धा. जाताना मी ओरडले, "मावशी, सगळं नीट सांगा!" त्यांनी मान हलवली. काय सांगा, कुणाचं सांगा, हे मी म्हटलं नाही. आजही मला ते चार शब्द ऐकू येतात आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दरवाज्याखालून मला त्यांच्या चपला दिसत होत्या. निळ्या, एका अंगठ्याला सुतळी बांधलेली. आतलं बोलणं पंख्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. चपला जराही हलल्या नाहीत, म्हणजे मावशी ताठ उभ्या राहून बोलत होत्या. मला बरं वाटलं. मग त्या टेबलाकडं सरकल्या, थोडा वेळ तिथं थांबल्या, आणि बाहेर आल्या. चेहरा असा, की मुलगी पहिली आल्यावर होईल.

"आपाचं सगळं सांगितलं बाई. एक बी गोष्ट सुटू देली न्हाई. साहेबानं लिवून घेतलं, माझी सही बी घेतली."

"आणि तुमचं?"

"माझं आपा सांगल की आता. तिचाच नंबर हाय."

पिशवी त्यांच्या हातात होती. सुतळीची गाठ मी मारली होती तशीच होती.

शिपायानं आपांचं नाव पुकारलं. मी त्यांचा दंड धरून म्हणाले, "आपा, पहले मौसी का बोलो, अपना बाद में." त्या पिशवी घेऊन आत गेल्या. यावेळी मला आवाज ऐकू येत होता, कारण आपा ओरडत होत्या. मग शांत झालं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा पदर तोंडावर होता.

"मैं बोली टीचर, कित्ता बोली. उनो बोलते मौसी का हो गया. मौसी मेरी गवाही दी बोलते. अपना कुछ है नहीं बोल के दस्तखत करी बोलते. मेरा पास कर दिए."

साहेबांनी विचारलं असणार, बोला. मावशींनी आपांचं सांगितलं. त्यांनी विचारलं असणार, आणखी काही? मावशी नाही म्हणाल्या, कारण आपांचं सगळं सांगून झालं होतं. साहेबांनी तेलुगूत तसं लिहिलं आणि कागद पुढं केला. मावशींना तेलुगू बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. त्यांनी मराठीत सही केली. ती सही करायला त्या मुलीच्या वहीवर शिकल्या होत्या, आणि सही करायची वेळ आली की त्यांना आनंद व्हायचा.

मी दार ढकलून आत गेले. शिपाई मागून ओढत होता. साहेब काही राक्षस नव्हते, त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी त्यांना आमचा नियम सांगितला. आधी ते हसले. मग माझ्या चेहऱ्याकडं बघून हसायचे थांबले.

"ऐसा कौन करता, मॅडम?"

खरंच, असं कोण करतं?

त्यानंतर मी त्या ऑफिसात किती वेळा गेले ते मोजलं नाही. अर्ज दिले, दाखला जोडला, मुख्याध्यापिकांना घेऊन गेले. प्रत्येक वेळी तोच कागद माझ्यापुढं ठेवला जायचा, खाली मावशींची सही, गोल, सुबक, एक रेघ चुकलेली नाही. त्यांनी स्वतःच लिहून दिलंय, मॅडम. यादी वर गेली, मॅडम. एकीची फाईल उघडली तर सगळ्यांची उघडावी लागेल, मॅडम. मग ते साहेब बदलून गेले आणि नव्या साहेबांना पहिल्यापासून सांगावं लागलं. चिडायचं तर कुणावर, हेच मला कळत नव्हतं. समोर भिंत असती तर डोकं तरी आपटलं असतं. समोर नुसती सभ्य माणसं होती.

आपांनी आपल्या जागेतली अर्धी जागा देऊ केली, तीनदा. पण ती जागा शहराबाहेर, दोन बस बदलून, आणि शाळेची घंटा साडेसातची. माझ्या घरी मी विषय काढला. मागची छोटी खोली होती, सासूबाईंच्या ट्रंका हलवल्या असत्या तर दोघी मावल्या असत्या. नवऱ्यानं नाही म्हटलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, "किती दिवस?" मी पुन्हा विषय काढला नाही. मावशींनी ठरवलं, गावाकडं दिराच्या घरी जायचं. "लेकीला तिकडच्या शाळंत घालीन," असं त्या म्हणाल्या. तिकडं शाळा सातवीपर्यंतच आहे, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

शेवटची सभा जून महिन्यातल्या एका रविवारी दुपारी झाली. लोकांनी आपापले पत्रे आणि दारं काढायला सुरुवात केली होती, त्यामुळं चुना मारलेल्या भिंतींना नुसतीच भगदाडं राहिली होती. आपा आदल्या दिवशीच टेंपो घेऊन पुढं गेल्या होत्या, कारण नव्या जागेवर राखण नसली तर दुसरा कुणी खुंट्या ठोकेल अशी भीती होती. जाताना मावशींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की टेंपोवाल्यानं इंजिन बंद केलं.

सभेत ठरलं की प्रत्येक घराचं काय झालं आणि कोण कुठं चाललं ते सांगायचं आणि वहीत लिहून ठेवायचं. नियम तोच. अक्काचं तिच्या शेजारणीनं सांगितलं, तिचं तिसरीनं. एकेक करत पाळी मावशींच्या घरावर आली, आणि सगळ्यांनी आपांच्या जागेकडं पाहिलं. तिथं रिकामं पोतं होतं.

मी म्हणाले, "मावशी, आज तुमचं तुम्हीच सांगा."

"न्हाई बाई," मावशी म्हणाल्या. "आपलं आपण सांगायचं न्हाई. तुमीच तर लावून देलं हे. तुमी सांगा."

मी उभी राहिले. मावशींची मुलगी मांडीवर वही घेऊन माझ्याकडं बघत होती, लिहायला तयार. मी म्हणाले, "मावशींचं घर या गल्लीत सगळ्यांच्या आधी बांधलेलं होतं." अक्कानं ते तेलुगूत सांगितलं. पलीकडच्या एका म्हातारीनं आपांच्या ऐवजी दखनीत सांगितलं. तोवर मला दुसरं वाक्य जुळवायला वेळ होता. घर का गेलं ते सांगायचं होतं, आणि ते सोपं होतं. माझ्यामुळं गेलं. एवढंच. वर्गात मुलांना मी रोज सांगते, चुकलं तर उभं राहून सांगा, कुणी खात नाही.

"ऑफिसनं चूक केली," मी म्हणाले.

अक्कानं तेलुगूत सांगितलं. बायका हळहळल्या. म्हातारीनं दखनीत सांगितलं, ऑफिसवाले गलती करे. दुसऱ्यांदा हळहळल्या. मुलीनं वहीत लिहिलं, सुंदर अक्षरात. मला वाटलं, अजून परत घेता येईल, अजून तोंड उघडता येईल. मी मावशींकडं बघायचं टाळत उभी होते.

मावशीच बोलल्या. "बराबर सांगितलं बाईनं," म्हणाल्या, आणि मला बसता यावं म्हणून आपांचं रिकामं पोतं हातानं झटकून माझ्याकडं सरकवलं.